आदिलाबाद परिसरातील पिण्याचे पाणी : पायविहिरीपासून हातपंपापर्यंत

निजामी राजवटीत आदिलाबाद जिल्हा आजच्यापेक्षा बराच विस्तृत होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे भाग मुंबई राज्यात गेले. सीमा बदलल्या, परंतु नारूने सीमा मानली नाही. आंध्र प्रदेश व महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये नारूग्रस्त होती.

या रोगाचे मूळ पायविहीर होते. पाणी भरताना रुग्णाचे पाय बुडत, जखमेतून अळ्या पाण्यात उतरत, सायक्लॉप्स त्या गिळीत आणि ते पाणी पिणाऱ्याच्या शरीरात सुमारे वर्षभराने कृमी तयार होई. या रोगावर लस नव्हती, औषधही नव्हते. कापडाने गाळलेले पाणी, बंदिस्त विहिरी व हातपंप यांनीच तो हटविला. देशातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला. २००० मध्ये भारत नारूमुक्त घोषित झाला.

मात्र या यशातून भूजल आपोआप शुद्ध असते, असा समज रूढ झाला. कापड सायक्लॉप्स अडविते, जीवाणू व विषाणू अडवीत नाही. पावसाळ्यात सांडपाणी खडकाच्या भेगांतून व हातपंपाच्या फुटक्या ओट्यातून खाली झिरपते. पटकी, विषमज्वर व कावीळ यांचे जंतू त्यासोबत जातात. म्हणूनच भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटर पिण्याच्या पाण्यात ई. कोलाय मुळीच आढळता कामा नये.

साचलेल्या पाण्यात लघवी करण्यास हदीसमध्ये मनाई आहे. त्या शिकवणीला पाणीतपासणीची जोड देणे, हे महाविद्यालयीन प्रयोगशाळांना सहज शक्य आहे.