एक-बहात्तरांश विमान

दिवाळीच्या सुटींत अंगणांत मातीचा किल्ला बांधण्याची आपल्याकडील मुलांची हौस सर्वांच्या परिचयाची आहे. दगडविटांच्या राशीवर भिजविलेलें गोणपाट अंथरावें, त्यावर चिखल थापावा, अळीव पेरून हिरवळ उगवावी, आणि मग माथ्यावर सिंहासन मांडून चोहों बाजूंस मावळे उभे करावे. या किल्ल्याकडे जरा बारकाईनें पाहिलें तर एक मौज दिसते. दरवाजावरील पहारेकरी त्या दरवाजाहून उंच असतो. बुरुजावरची तोफ बुरुजाएवढी असते. आणि पायथ्याच्या तळ्यांतील बदक गलबताला भारी पडेल असें असतें. मुलांना यांत कांहींच वावगें वाटत नाहीं. त्यांच्या किल्ल्यांत वस्तूचा आकार तिच्या महत्त्वावरून ठरतो, फूटपट्टीवरून नव्हे.

परंतु एखाद्या वर्षीं त्यांतल्याच एका मुलाच्या मनांत येतें, कीं मावळा जर दोन इंच उंच, तर दरवाजा किती उंच हवा? हा प्रश्न ज्या क्षणीं सुचला, त्या क्षणीं खेळणें मागें राहतें आणि प्रतिकृति जन्मास येते. विमानांच्या व मोटारींच्या हुबेहूब लहान प्रतिकृती जोडून रंगविण्याचा जो छंद आज जगभर पसरला आहे, त्याचा सारा इतिहास या एका प्रश्नाभोंवतीं फिरतो. आपल्या भाषेंत 'प्रमाण' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक माप, आणि दुसरा पुरावा. हे दोन अर्थ या छंदांत एकत्र कसे आले, तें आज मला सांगावयाचें आहे.

मोठ्या विमानांच्या पुष्कळ आधीं लहान विमानें उडालीं होतीं. इंग्लंडमध्यें सर जॉर्ज केली यांनीं १८०४ सालीं एका काठीला पतंग व शेपटी जोडून हवेंत तरंगणारा नमुना तयार केला. फ्रान्समध्यें आल्फोन्स पेनो या तरुणानें १८ ऑगस्ट १८७१ रोजीं पॅरिसच्या त्विलरी उद्यानांत आपलें चिमुकलें विमान लोकांसमक्ष उडविलें. त्याचे पंख सुमारें दीड फूट लांबीचे होते, आणि पिळलेला रबर हीच त्याची शक्ति होती. तें ११ सेकंदांत सुमारें ४० मीटर गेलें. सर्व जग ज्या गोष्टीला अशक्य म्हणत होतें, ती एका रबराच्या दोरीनें करून दाखविली होती.

पेनोच्याच धर्तीचें, बूच, बांबू व कागद यांचें एक उडतें खेळणें १८७८ च्या सुमारास अमेरिकेंतील एका धर्मोपदेशकानें आपल्या दोन मुलांसाठीं घरीं आणलें. थोरला विल्बर ११ वर्षांचा, धाकटा ऑर्व्हिल ७ वर्षांचा. खेळणें मोडल्यावर या राइट बंधूंनीं स्वतःच तसलीं दुसरीं तयार केलीं, आणि हौसेनें प्रत्येक वेळीं आकार वाढवीत गेले. तेव्हां त्यांना एक चमत्कारिक अनुभव आला. खेळणें जितकें मोठें, तितकें तें कमी उडे. त्याचें कारण त्या वयांत त्यांना उमगलें नाहीं. पुढें मोठेपणीं उमगलें, तेव्हां ही आठवण त्यांनीं आवर्जून नमूद केली.

तें कारण असें. एखाद्या वस्तूची लांबी दुप्पट केली, कीं तिचें क्षेत्रफळ चौपट होतें, पण वजन मात्र आठपट होतें. पंख चौपट झाले, ओझें आठपट झालें. मग तेंच यंत्र पहिल्यासारखें उडावें कसें? म्हणजे आकार लहानमोठा करतां येतो, परंतु निसर्गाचे नियम त्याबरोबर लहानमोठे होत नाहींत. हा धडा अमेरिकेंतील विद्वान शास्त्रज्ञ सॅम्युअल लँग्ली यांना फार महाग पडला. त्यांचा वाफेवर चालणारा नमुना ६ मे १८९६ रोजीं पोटोमॅक नदीवर तीन हजार फुटांहून अधिक उडाला. त्याच बांधणीचें माणूस वाहून नेणारें विमान १९०३ च्या ऑक्टोबरांत आणि पुन्हां ८ डिसेंबरला सोडलें, तें दोन्ही वेळां नदींत कोसळलें. दुसऱ्या अपघातानंतर अवघ्या नऊ दिवसांनीं राइट बंधूंनीं उड्डाण केलें. लहानपणीं ज्यांची खेळणीं मोठीं होतांच उडेनाशीं झालीं होतीं, तेच हे दोघे बंधु.

यामुळें नमुने बनविणाऱ्यांपुढें दोन वाटा उरल्या. नमुना उडावयास हवा असेल, तर त्याचे पंख, शेपटी, पंखा यांचीं मापें बदलावीं लागतात, आणि तो मूळ विमानाची हुबेहूब प्रतिमा राहत नाहीं. हुबेहूब हवा असेल, तर उडण्याची आशा बहुधा सोडावी लागते. १९३२ सालीं इंग्लंडमध्यें 'स्कायबर्ड्स' या नांवाचे लांकडी संच विक्रीस आले. त्यांचे योजक जेम्स हे स्टीव्हन्स यांनीं दुसरी वाट पत्करली, आणि सर्व विमानांसाठीं एकच प्रमाण ठरविलें: एकास बहात्तर. हा आंकडा लहरीनें निवडलेला नाहीं. सहा फुटांचे इंच बहात्तर होतात. म्हणून या प्रमाणांत एक इंच म्हणजे सहा फूट, आणि सहा फूट उंचीचा वैमानिक बरोबर एक इंच उंच. शाळकरी मुलालाहि हा हिशेब तोंडीं करतां यावा! शिवाय सर्व विमानें एकाच प्रमाणांत असल्यामुळें तीं शेजारीं मांडून कोणतें लहान, कोणतें मोठें, याची खरी तुलना होऊं लागली. किल्ल्यावरील मावळ्याला शेवटीं त्याच्या मापाचा दरवाजा मिळाला.

चार वर्षांनीं, १९३६ मध्यें, इंग्लंडांतल्याच 'फ्रॉग' या कंपनीनें याच प्रमाणाचे प्लॅस्टिकचे संच काढले. या कंपनीचा लौकिक उडत्या खेळण्यांचा होता. 'जमिनीवरून थेट उडतें' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरूनच तिचें नांव पडलें होतें. आतां न उडणाऱ्या विमानांना काय म्हणावें? त्यांनीं नांव दिलें 'पेंग्विन': पंख आहेत, पण उडत नाहीं असा पक्षी! नांव विनोदानें दिलेलें असलें, तरी या छंदाची नेमकी व्याख्या त्यांत आहे. पेंग्विननें उड्डाणाचा त्याग केला, तो आकाराच्या सत्यासाठीं.

हें सत्य केवळ शोभेपुरतें आहे काय, याचें उत्तर लौकरच आणि दुःखद रीतीनें मिळालें. महायुद्ध सुरू होऊन तीन दिवस झाले होते. ६ सप्टेंबर १९३९ रोजीं सकाळीं शत्रूचीं विमानें आल्याची चुकीची वर्दी लागली, आणि लंडनच्या पूर्वेस ब्रिटिश विमानें आकाशांत चढलीं. तेथें शत्रु नव्हताच. स्पिटफायर विमानांच्या एका तुकडीनें आपल्याच हरिकेन विमानांना शत्रु समजून गोळीबार केला. दोन हरिकेन पडलीं आणि एक तरुण वैमानिक प्राणास मुकला. स्पिटफायरनें पाडलेलें पहिलें विमान स्वपक्षाचें निघालें. दोष एकट्या डोळ्यांचा नव्हता, यंत्रांचा आणि संदेशांचाहि होता. परंतु शेवटचा निर्णय डोळ्यांनींच घेतला होता, आणि तो चुकला होता.

दूरवरचा काळा ठिपका आपला कीं परका, हें कांहीं क्षणांत ओळखणें ही आतां जीवनमरणाची विद्या झाली. चित्रावरून ती पुरती साधत नाहीं, कारण चित्राला एकच बाजू असते. विमान समोरून, खालून, वळण घेतांना कसें दिसतें, हें हातांत धरून फिरवितां येणारी प्रतिकृतिच शिकवूं शकते. १९४२ च्या प्रारंभीं अमेरिकेच्या नौदलानें देशांतील शाळांना आवाहन केलें, कीं आम्हांला पांच लाख प्रतिकृती हव्या आहेत: ५० जातींचीं विमानें, प्रत्येकीं १०,०००. प्रमाण तेंच, एकास बहात्तर. शाळांच्या सुतारकामाच्या वर्गांत मुलें लांकूड तासूं लागलीं. दर कापाची वक्रता कागदी सांच्यावर ताडून पाहावयाची, आणि मग सर्वांगाला काळा रंग द्यावयाचा. रंग काळाच कां? आकाशाच्या पार्श्वभूमीवर दुरून विमानाचा रंग दिसत नाहीं, केवळ बाह्याकार दिसतो, म्हणून. आणि बहात्तरच कां? अशी प्रतिकृति ३५ फुटांवर टांगली, तर ती जवळजवळ अर्ध्या मैलावरील खऱ्या विमानाएवढी दिसते. वर्गाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत अर्ध्या मैलाचें आकाश मावूं लागलें. जें खेळण्याचें प्रमाण होतें, तें आतां पुराव्याचें प्रमाण झालें.

युद्ध संपल्यावर हा छंद घरोघर गेला, त्याची कथा अधिक हलकी आहे. हंगेरींतून आलेले निकोलस कोव्ह यांनीं १९३९ सालीं इंग्लंडमध्यें 'एअरफिक्स' कंपनी काढली, ती हवा भरलेल्या रबरी खेळण्यांची. पुढें तेथें प्लॅस्टिकच्या फण्या तयार होऊं लागल्या. १९४९ मध्यें फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांसाठीं त्या ट्रॅक्टरची लहान प्रतिकृति करण्याचें काम कंपनीकडे आलें. पण भाग जोडणें इतकें जिकिरीचें ठरलें, कीं पुढें ते सुटेच विकून जोडण्याचें काम गिऱ्हाइकावर सोंपविलें! कारखान्याची अडचण हीच गिऱ्हाइकाची करमणूक ठरली. १९५२ मध्यें जहाजाचा आणि १९५३ मध्यें स्पिटफायरचा संच निघाला. जहाजाच्या संचाची किंमत दोन शिलिंग होती. खऱ्या स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार ३६ फूट १० इंच, प्रतिकृतीचा सहा इंचांहून किंचित् अधिक.

मोटारींच्या बाबतींत अमेरिकेंतील एक उपक्रम संस्मरणीय आहे. जनरल मोटर्सच्या फिशर शाखेनें १९३० मध्यें मुलांसाठीं 'क्राफ्ट्समन्स गिल्ड' ही स्पर्धा सुरू केली. प्रथम नेपोलियनकालीन राजरथाची प्रतिकृति करावयाची असे. १९३७ पासून स्वतः कल्पिलेल्या मोटारीची, एकास बारा या प्रमाणांत. बक्षीस म्हणून महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च मिळे. १९४७ मध्यें यांत अव्वल आलेले चार्ल्स जॉर्डन पुढें त्याच कंपनींत शिरले आणि १९८६ मध्यें तेथील रचनाविभागाचे प्रमुख झाले. १९६८ पर्यंत ही स्पर्धा चालली.

आतां रंगाविषयीं थोडें. कारण नवशिक्याची खरी परीक्षा तेथेंच होते. आकाराप्रमाणें रंगाचा थर लहान होत नाहीं. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा जाड थर बहात्तरपट केला, तर तो सात मिलिमीटरांहून जाड होतो. इतका गिलावा खऱ्या विमानावर कोण चढवील? म्हणून रंग पातळ करून, एक हात वाळल्यावर दुसरा, असा द्यावा लागतो. दुसरें असें, कीं दूरची वस्तु हवेच्या पडद्यामुळें फिकी दिसते. अस्सल विमानाचाच रंग आणून प्रतिकृतीला लावला, तर ती गडद व खोटी वाटते. त्यांत थोडा पांढरा मिसळला, म्हणजे ती खरी भासते. जुन्या दोनपंखी विमानांच्या तारांसाठीं दोरा जाड पडतो. तेथें प्लॅस्टिकच्या चौकटीचा उरलेला तुकडा मेणबत्तीच्या आंचेवर मऊ करून ताणतात, आणि त्यांतून केसासारखा तंतु निघतो. हुबेहूबपणासाठीं पदोपदीं असा विवेक करावा लागतो. मापाशीं इमान राखावयाचें, पण डोळ्याला काय दिसतें हेंहि विसरावयाचें नाहीं.

१९३६ चे ते पहिले पेंग्विन ज्या प्लॅस्टिकचे होते, तें काळाबरोबर आक्रसतें व वांकतें. त्यामुळें जे थोडे आज शिल्लक आहेत, त्यांतील पुष्कळांचे पंख मुरडलेले आहेत. काटेकोर मापासाठीं जन्मलेल्या वस्तूचें माप तेवढें राहिलें नाहीं. पण त्यांनीं लावलेली संवय टिकली आहे. घरांतलें एखादें मूल टेबलाच्या दिव्याखालीं मान घालून, चिमट्यांत एक इंचाचा वैमानिक धरून बसलेलें दिसलें, तर आपण त्याला वेळ फुकट घालवूं नको असें म्हणण्यापूर्वीं थोडें थांबावें. विमानाचा दरवाजा त्या वैमानिकाच्या मापाचा आहे कीं नाहीं, हें तें मूल पाहत असतें. आणि पुढील दिवाळींत किल्ल्याचा दरवाजा किती उंच करावा, हें कदाचित् तें आपल्यालाच विचारील. तेव्हां उत्तर मात्र फूटपट्टी हातीं घेऊनच द्यावें लागेल.