तेल तपासायला गाडीखाली का झोपायचं?

पेट पास झालेल्या दोघातिघांनी गेल्या आठवड्यात एकच प्रश्न विचारला : विषय सापडलाय, पण त्यातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा? याचं उत्तर मला व्याख्येत देता येत नाही. माझा पहिला सिनॉप्सिस ज्या कारणाने परत आला, तेच सांगते. त्यासाठी आधी मामाच्या गॅरेजमध्ये जावं लागेल.

मामाचं गॅरेज इचलकरंजीत आहे. एम.एस्सी. झाल्यावर मी सुट्टीत तिथे जाऊन बसायचे. एक दिवस एक गाडी आली (कंपनीचं नाव कशाला घ्या). काम साधंच, ऑइल बदलायचं. आधी इंजिनखालचं प्लास्टिकचं कव्हर काढायचं, त्याला बारा स्क्रू, त्यातले तीन गंजलेले. मग फिल्टर. तो एक्झॉस्टच्या पाइपामागे लपलेला. नुसता हात आत जातो, पाना धरलेला हात जात नाही. फिल्टर सैल झाला की आतलं उरलेलं तेल थेट गरम पाइपावर. मामाच्या उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग आहे, तो अशाच कामातला. गाडीखालून आवाज आला, "ज्यानं हे काढलंय न्हवं, त्याला एकदा हितं आणून झोपवा."

मला ते शंभर टक्के पटलं. सिनॉप्सिसमध्ये मी हेच लिहिलं, फक्त भारदस्त करून : मोटारींच्या देखभालीतल्या अडचणी म्हणजे सदोष आरेखनाचा इतिहास. गाईडनी समासात पेन्सिलीने दोन शब्द लिहून तो परत केला. "सदोष कुणासाठी?" माझे पुढचे सहा महिने त्या दोन शब्दांत गेले. तेव्हा राग आला होता, आज त्याच दोन शब्दांवर प्रबंधाचं पहिलं प्रकरण उभं आहे.

आता 1908 सालात चला. फोर्डची मॉडेल टी. 1927 पर्यंत दीड कोटीच्या वर गाड्या निघाल्या आणि त्यांना डिपस्टिक नव्हती. ऑइल पंपही नव्हता. फ्लायव्हील तेलात फिरायचं, तेल वर उडवायचं, ते एका नळीतून पुढे जायचं, बाकी सगळं शिंतोड्यांवर. मग तेल किती आहे हे कसं कळणार? इंजिनच्या मागच्या खालच्या अंगाला दोन छोट्या तोट्या होत्या, एक वर, एक खाली. गाडीखाली सरपटत जायचं आणि तोटी उघडायची. खालच्या तोटीतून तेल आलं नाही, तर धोका. वरच्या तोटीतून आलं, तर भरपूर आहे. गंमत म्हणजे तेल ओतायचं भोक इंजिनच्या पुढच्या टोकाला, बॉनेटखाली. म्हणजे पुढे उभं राहून ओता, मग मागे जाऊन झोपा आणि बघा. (पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली होती, त्यामुळे पेट्रोल भरताना सगळ्यांनी उतरायचं. आपल्याकडे मारुती ओम्नीत सीटखाली इंजिनच होतं, तेव्हा फार हसू नका.)

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसच्या भाषेत हे 'सदोष आरेखन' झालं. पण फोर्डने मालकांसाठी काढलेली पुस्तिका वाचलीत तर वेगळंच दिसतं. ती प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे आणि तेल कसं तपासायचं हे तिथे थेट मालकालाच सांगितलंय. म्हणजे गाडीखाली जाणारा माणूस मालकच, असं गृहीत धरलेलं आहे. रोनाल्ड क्लाइन आणि ट्रेव्हर पिंच यांचा 1996 चा लेख जरूर वाचा. अमेरिकन शेतकरी याच गाडीचं मागचं चाक उचलून त्यावर शेतातली यंत्रं चालवत, ते त्यात आहे. असा माणूस दोन तोट्यांना घाबरत नाही. तो वैतागतो मात्र नक्की. कारण तोट्या उभ्याउभ्या उघडता याव्यात म्हणून लांब दांड्याच्या किल्ल्या आणि वेगळे ऑइल गेज बाजारात आले, आणि फोर्डने न दिलेल्या या वस्तू लोकांनी पदरचे पैसे घालून घेतल्या. ही नोंद महत्त्वाची आहे, तिच्याकडे परत येऊ.

1927 च्या अखेरीला मॉडेल ए आली, तिला डिपस्टिक होती. दोन तोट्यांचं काम आता पट्टीवरच्या खुणा करू लागल्या. मोजायचं तेच, पण बॉनेट उघडून, कपडे न मळवता. त्यामुळे पेट्रोल पंपावरचा पोरगाही पट्टी काढून तेल दाखवू शकत होता आणि अमेरिकेत ती पद्धत अनेक दशकं टिकली.

मग सोय होतच गेली का? नाही. 1959 ची ब्रिटिश मिनी बघा. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवं बसवलं, गिअरबॉक्स त्याच्याखाली ऑइल चेंबरमध्येच घातला आणि जेमतेम 10 फुटांच्या गाडीत चार माणसं बसवली. कौतुक सगळ्या जगाने केलं आणि ते योग्यच होतं. पण फिल्टर गेला इंजिन आणि पुढची जाळी यांच्यामधल्या फटीत. प्रवाशांच्या गुडघ्यांना मिळालेली जागा कुठून तरी काढलेली असतेच. आपल्याकडे आडवं इंजिन घरोघरी पोचलं ते 1983 च्या मारुती 800 मुळे. अ‍ॅम्बॅसॅडर आणि पद्मिनीवर शिकलेल्या मामाच्या पिढीला तो बदल बोटांनी समजला.

आता या गोष्टीचा मला सर्वांत आवडणारा भाग. 2001 मध्ये जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बीएमडब्ल्यूच्या 7 सीरीजमध्ये आला. त्याला डिपस्टिक नाही. तेल 'आयुष्यभराचं' म्हणून सांगितलेलं. आणि पातळी तपासायची कशी? गाडी समतल वर उचला, इंजिन चालू ठेवा, तेलाचं तापमान 30 ते 50 अंश सेल्सिअसच्या दरम्यान असताना बाजूचा बोल्ट काढा. भोकातून तेल बाहेर आलं, तर पातळी बरोबर.

ओळखलंत? ही मॉडेल टीची तोटी आहे. जवळपास शतकानंतर परत आलेली.

तापमानाची अट मात्र नवी. साधा हिशोब करा. तेल दर अंशाला सुमारे 0.07 टक्के प्रसरण पावतं. 9 लिटर तेल 40 अंशांनी तापलं, तर पाव लिटर फुगेल. म्हणजे गरम तेलावर मोजलंत, तर कमी असलेलं तेलही पुरेसं दिसेल. म्हणून स्कॅनर हवा, लिफ्ट हवी. ही कृती मालकाच्या पुस्तिकेत शोधू नका, ती वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असते. भोक तेच, पण 1908 ला ते मालकासाठी होतं आणि 2001 ला मालकापासून दूर ठेवलेलं. 'सदोष' हा शब्द दोघांनाही लावला, तर नेमका हा फरक पुसला जातो. माझा सिनॉप्सिस तिथे पडला होता.

आणि 'आयुष्यभर' म्हणजे कुणाचं आयुष्य? खुद्द झेडएफची शिफारस 80,000 ते 1,20,000 किलोमीटरला तेल बदलण्याची आहे. पहिला मालक तोवर बहुधा गाडी विकून मोकळा होतो. मामाकडे येतात ते तिसरे मालक. गिअर झटके देतोय म्हणून येतात, आणि तेल बदलायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

तुमच्यासाठी एक सावधगिरी. मॅन्युअल वाचून लोक काय 'करत होते' असं लिहू नका. त्यात फक्त काय करायला सांगितलं होतं ते असतं. प्रत्यक्ष काय झालं त्याचा पुरावा लांब दांड्याच्या किल्लीसारख्या वस्तूंत सापडतो, आणि तो अभिलेखागारात असेलच असं नाही.

गेल्या दिवाळीत हे सगळं डोक्यात घेऊन गॅरेजमध्ये गेले. तीच एक्झॉस्टमागच्या फिल्टरवाली गाडी पुन्हा आली होती. मामाने भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली एक पत्र्याची पन्हळ काढली. ऑइलचा रिकामा डबा कापून, पाइपाच्या वळणाला बेतून वाकवलेली. फिल्टरखाली सरकवली की तेल पाइपाला न लागता सरळ घमेल्यात. मी विचारलं, कधी केलीस? "झाली की धा वर्सं." म्हणजे मी सुट्टीत येऊन बसत होते तेव्हाही ती त्याच खिळ्याला होती, मला दिसली नव्हती. मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढला, वहीत तारीख घातली. मामा म्हणाला, "फोटू कसला काढतीस, जरा बॅटरी धर." धरली.