आठवणीतील चित्रे आणि कागदाचा स्वभाव

प्रवासाहून परतल्यावर आठवणीवरून जलरंगात चित्र काढण्याची रीत जुनी आहे. इंग्लंडचा निसर्गचित्रकार जे. एम. डब्ल्यू. टर्नर (१७७५-१८५१) प्रवासात बहुधा पेन्सिलीनेच वह्या भरत असे. उघड्यावर बसून रंगवण्यात फार वेळ जातो, तेवढ्यात पंधरा-सोळा रेखाटने होतात, असे त्याने १८१९ मध्ये नेपल्स येथे सांगितल्याची नोंद आहे. रंग नंतर येत आणि त्यांच्यासोबत कागदाचे प्रयोगही. १८१७ च्या ऱ्हाइन नदीच्या चित्रांसाठी त्याने पांढऱ्या कागदावर आधी करड्या रंगाचा हात दिला आणि उजेडाच्या जागी तो थर पुसून वा खरवडून काढला. फ्रान्समधील नद्यांसाठी त्याने निळा कागद वापरला.

आठवणीचा एक फायदा असतो. वाईच्या ढोल्या गणपतीचे छायाचित्र समोर ठेवले, की घाटाच्या पायऱ्या मोजण्याचा मोह होतो. आठवणीत मात्र पायऱ्यांची संख्या उरत नाही. उरतो तो काळा ओला दगड, पाण्यातील मंदिराचे हलते प्रतिबिंब आणि दुपारचे ऊन. जलरंगाला एवढेच पुरते. मात्र ते कसे उतरेल, हे कुंचल्यापेक्षा कागदच अधिक ठरवतो.

कागदात किंवा त्याच्या पृष्ठभागावर जिलेटिन, स्टार्च यांसारख्या पदार्थांची खळ दिलेली असते. तिच्यामुळे रंग लगेच शोषला न जाता काही काळ वर राहतो. सुती कागद पाणी समान घेतो आणि एकावर एक थर सहन करतो. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर पहिला थर बहुधा दुसऱ्याबरोबर उचलला जातो. तो दोष खरा, परंतु चुकलेले ढग ओल्या कुंचल्याने पुसायला तोच उपयोगी पडतो. गुळगुळीत ‘हॉट प्रेस’ कागदावर रंगाची थारोळी साचून कडा गडद होतात. खडबडीत ‘रफ’ कागदावरून जवळजवळ कोरडा कुंचला झरकन फिरवला, की खळगे पांढरे राहतात आणि नदीवरचे चमकते ऊन आपोआप मिळते. ‘कोल्ड प्रेस’ या दोहोंमधला. वजन ३०० जीएसएम असल्यास लहान आकाराचा कागद फारसा फुगत नाही. त्याहून हलका कागद चिकटपट्टीने फळीवर ताणून घ्यावा.

पुण्याची हातकागद संस्था १९४० पासूनची. देशी हातकागद सुंदर दिसतो, पण पुष्कळदा त्यात खळ कमी असते. रंग आत झिरपतो आणि वाळल्यावर मंद होतो. झगझगीत उन्हासाठी तो निरुपयोगी. आषाढातले धुके मात्र अशा कागदावर फारसे प्रयत्न न करताही उतरते. फुलांच्या पाकळ्या घातलेला कागद पत्रिकांसाठीच ठेवलेला बरा.

खरी अडचण किमतीची. महागडा ताव समोर आला, की हात आखडतो आणि चित्र घाबरट होते. यावर उपाय साधा आहे. २२ × ३० इंचांच्या इम्पीरियल तावाचे साडेपाच × साडेसात इंचांचे १६ तुकडे होतात. तीन-चार निरनिराळ्या कागदांचे असे तुकडे घेऊन, तेच तीन रंग आणि तीच आठवण प्रत्येकावर दहा मिनिटांत उतरवावी. यातील एक-दोन तुकडे बिघडणारच.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत उरलेला कागद उघडा ठेवू नये. बुरशीने खळ खराब होते, आणि ते कोऱ्या कागदावर दिसत नाही. आकाशाचा सपाट रंग दिल्यावरच त्यात गडद ठिपके उमटतात. ताव प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून भिंतीपासून दूर, आडवे ठेवावेत. तुकड्याच्या पाठीवर कागदाचे नाव आणि वजन रंगवण्याआधीच पेन्सिलीने लिहावे. नंतर कोणता तुकडा कोणत्या तावाचा, हे ओळखणे कठीण जाते.