‘हायकू’चा पडदा काळाच राहिला तर...

बीओएसचा वारसा सांगणाऱ्या ‘हायकू’ या मुक्त संगणक प्रणालीचे काम २००१ मध्ये सुरू झाले. पहिली बीटा आवृत्ती २०१८ मध्ये आली. प्रणाली सुरू होताना पडदा काळाच राहिला, तर दोष बहुधा ग्राफिक्स ड्रायव्हरचा असतो. अशा वेळी सुरुवातीलाच शिफ्टची कळ दाबून धरावी आणि ‘सेफ मोड’च्या पर्यायांतून साधा व्हिडिओ मोड निवडावा. वाय-फायचे दुखणे अधिक चिवट. त्याचे ड्रायव्हर मुख्यतः फ्रीबीएसडी व ओपनबीएसडी या प्रणालींतून घेतलेले असल्याने तेथे न चालणारे कार्ड येथेही सहसा चालत नाही. मग केबलच बरी. हार्ड डिस्कवरील जुन्या फायली पणाला लावण्यापेक्षा आधी पेनड्राइव्हवरूनच प्रणाली चालवून पाहावी. त्यासाठी ती संगणकात बसवावी लागत नाही.