द्विदल, हमस आणि कच्च्या केळ्याचं डिप



गेल्या उन्हाळ्यात आमच्या मंडळाच्या बायका संध्याकाळी पाच वाजता आमच्या घरी जमल्या होत्या. सूनबाई पुण्याहून आली होती. "आई, दर वेळी उपमा आणि पोहेच कशाला? या वेळी खाण्याचं माझ्याकडे द्या," असं म्हणून तिने सगळं अंगावर घेतलं. मोठ्या ताटात मधोमध दोन वाडगे ठेवले. एकात काबुली हरभऱ्याचं हमस, दुसऱ्यात घट्ट दह्यात काकडी किसून केलेलं डिप. भोवती काकडीच्या आणि ढोबळी मिरचीच्या उभ्या फोडी, खाकरे, कडक भाकरीचे तुकडे. कांदा नाही, लसूण नाही, गाजरसुद्धा नाही. पोरीने किती विचार केलाय, म्हणून मला कौतुकच वाटलं.

आमच्या गल्लीतल्या आक्का ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी ताटली हातात घेतली, वाडग्यांकडे पाहिलं. बायका भाकरीच्या एकाच तुकड्यावर थोडं हमस, थोडं दही घेऊन खात होत्या. हमसचा चमचा दह्यात आणि दह्याचा हमसमध्ये जात होता. आक्कांनी ताटली हळूच खाली ठेवली. "मला भूक नाही गं आज," एवढंच म्हणाल्या. वय झालंय, खाणं कमी झालं असेल, असं मला वाटलं.

रात्री भांडी आवरताना डोक्यात प्रकाश पडला. हरभरा आणि कच्चं दही, म्हणजे द्विदल. पण तोवर सूर्य मावळून दोन तास झाले होते. आक्का सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत. माझ्या घरी पाहुणी म्हणून आलेली बाई दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उपाशी राहिली होती.

सूनबाईला सांगितलं तर तिचा चेहरा उतरला. "आई, मी दोन्ही वेगवेगळं ठेवलं होतं. मग चुकलं कुठे? आणि हा नियम लिहिलाय तरी कुठे?"

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. मी नवी सून असताना सासूबाईंना हेच विचारलं होतं आणि त्या म्हणाल्या होत्या, "चालत नाही म्हणून चालत नाही." तेच वाक्य माझ्या ओठांवर आलं आणि मलाच लाज वाटली. मी बी.कॉम. झालेली बाई. नोंद कुठे आहे हे पाहिल्याशिवाय आकडा मान्य करू नये, हे कॉलेजात शिकलेली. आणि स्वतःच्या स्वयंपाकघरातला एवढा मोठा नियम मी कधी मूळ नोंदीपर्यंत जाऊन पाहिलाच नव्हता. म्हणून कपाटातली पुस्तकं खाली काढली.

पहिल्यांदा 'रत्नकरंड श्रावकाचार' उघडला. आपल्यातल्या बऱ्याच जणींनी तो पाठशाळेत पाठ केलाय. आचार्य समंतभद्रांनी टाळायच्या वस्तू सांगताना मुळा, ओलं आलं, लोणी, कडुनिंबाची फुलं आणि केतकी अशी नावं घेतली आहेत. कारणही दिलंय: यांत फळ थोडं आणि जीवांचा घात मोठा. मला हे फार पटलं. हा तर सरळ नफ्या-तोट्याचा हिशेब! जिभेला मिळणारा लाभ एवढासा आणि त्यापायी होणारं नुकसान कितीतरी. पण त्या श्लोकात द्विदल नाही.

ते सापडलं पुढच्या काळात. गुजरातेत बाराव्या शतकात श्वेतांबर आचार्य हेमचंद्रांनी राजा कुमारपालासाठी 'योगशास्त्र' लिहिलं. त्यात श्रावकाने वर्ज्य करायच्या गोष्टींत कच्च्या गोरसात मिसळलेलं द्विदल स्पष्ट आलंय, आणि त्याच्याच जोडीला दोन दिवसांपलीकडचं दहीसुद्धा. गोरस म्हणजे दूध, दही, ताक. कच्चं म्हणजे न तापवलेलं.

आपल्या दिगंबर परंपरेत तेराव्या शतकात पंडित आशाधरांनी 'सागारधर्मामृत' लिहिलं. आशाधर मुनी नव्हते, संसारी गृहस्थ होते. मूळचे मेवाडातल्या मांडलगडचे. तिकडे आक्रमणं झाली तेव्हा घर सोडून माळव्यात धारेला आले आणि पुढे जवळच्या नालछा गावी राहिले. ग्रंथावरची त्यांची स्वतःची टीका 1239-40 च्या सुमाराची आहे. त्यांनी एका श्लोकात चार गोष्टी सांगितल्या: कच्च्या गोरसातलं द्विदल खाऊ नये, बहुतेक जुनी झालेली डाळ-कडधान्यं खाऊ नयेत, पावसाळ्यात न भरडलेली अख्खी कडधान्यं खाऊ नयेत, आणि पावसाळ्यात पालेभाजी खाऊ नये.

मैत्रिणींनो, हे वाचताना मला आमच्या जुन्या घरातली कोठीची खोली आठवली. श्रावणात मटकीचा डबा उघडला की दाण्यांना टाचणीएवढी भोकं दिसायची. वरून अख्खा दिसणारा दाणा भरडला की आतला किडा कळायचा. पालेभाजीच्या पानामागे काय काय चिकटलेलं असतं, हे पावसाळ्यात मेथी निवडणाऱ्या बाईला कुणी सांगायला नको. घर चालवणाऱ्या माणसानेच लिहावा असा तो श्लोक आहे.

इथे एक खुलासा करते. शाळेत आपण द्विदल वनस्पती शिकलो, तो अर्थ इथे घ्यायचा नाही. इथे द्विदल म्हणजे ज्याची डाळ पडते ते धान्य: हरभरा, तूर, मूग, उडीद, मसूर, मटकी, वाटाणा, चवळी, आणि मेथीदाणासुद्धा. शेंगदाणा, बदाम धरायचे की नाही यावर घराघरांत फरक आहे. कढीबद्दलही तसंच. काही घरांत ताक आधी उकळून मग पीठ लावलेली कढी चालते, काही घरांत तीही चालत नाही. आमच्याकडे ताकाला चिमूटभर तांदळाचं पीठ लावून, फुटू नये म्हणून सतत ढवळत उकळी आणतात आणि मगच पाण्यात कालवलेलं बेसन घालतात.

कच्चं दही आणि डाळ एकत्र आली की त्यात सूक्ष्म जीव उपजतात, अशी आपली श्रद्धा. याला अमुक देशातल्या प्रयोगशाळेने दुजोरा दिला, असे निरोप मोबाइलवर फिरतात. मी ते पुढे पाठवत नाही. जे मी पडताळलेलं नाही त्याच्या आधारावर माझा नियम उभा राहायला नको. मला दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटली. समंतभद्र असोत, हेमचंद्र असोत की आशाधर, तिघांनीही हे सगळं भोगोपभोग-परिमाण या व्रतात सांगितलंय. परिमाण म्हणजे माप. आपण किती घ्यायचं, काय सोडायचं याची मर्यादा ज्याने त्याने स्वतःला घालून घ्यायची. आक्कांनी त्या दिवशी कुणाला टोकलं नाही, ताटात काय चुकलं ते सांगितलं नाही. व्रत त्यांचं होतं, ते त्यांनी पाळलं. सोय मात्र माझी होती, आणि ती मी केली नव्हती.

आता हमसकडे येऊ. हमस हा अरबी शब्द, अर्थ हरभराच. हरभऱ्याची शेती तुर्कस्तानच्या आग्नेय भागात सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी सुरू झाली असं मानतात. हरभरा वाटून केलेल्या पदार्थांच्या कृती इजिप्त आणि सीरियातल्या तेराव्या-चौदाव्या शतकांतल्या पाकग्रंथांत मिळतात. गंमत बघा, आशाधर माळव्यात द्विदलाबद्दल लिहीत होते साधारण त्याच काळात तिकडे कुणी हरभरा वाटत होतं. दोघांची गाठ पडली ती माझ्या दिवाणखान्यात! हमस एकटं असेल आणि लसूण नसेल तर आपल्याला अडचण नाही. अडचण येते ती दह्याशेजारी आलं की.

मग डाळीशिवाय तसाच घट्ट, मऊ पदार्थ कशाचा करायचा? बटाटा आपला नाही. तो अमेरिकेतून आला, त्याचं नावही पोर्तुगिजांकडून आलं. पण कंद म्हणून आपण त्याला दारातच थांबवलं आणि त्याच्या जागी कच्चं केळं बसवलं. केळ्याची ओळख जैन स्वयंपाकाला जुनीच. कर्नाटकात 1508 च्या सुमारास मंगरस नावाच्या जैन राजाने कन्नडमध्ये 'सूपशास्त्र' हा पाकग्रंथ पद्यात लिहिला. सगळा शाकाहारी. त्यात फणसाचे, वांग्याचे आणि केळ्याचे पदार्थ आहेत. वांगं आज आपल्यातल्या बऱ्याच घरांत बहुबीज म्हणून वर्ज्य आहे, मंगरसाने मात्र त्याच्या कृती दिल्यात. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीही सगळ्या जैन घरांतली चूल एकसारखी नव्हती. सीमाभागातल्या आपल्यासारख्यांना, ज्यांच्या आज्या घरात कन्नड बोलायच्या, तो ग्रंथ माहेरचाच वाटावा.

तीळही तितकाच आपला. हडप्पाच्या उत्खननात जळके तीळ सापडलेत. हमसमध्ये तिळाचं वाटण असतंच. तिळाची डाळ पडत नाही, म्हणून द्विदलाचा प्रश्न नाही. झालं, केळं आणि तीळ. सूनबाई आणि मी दोघी कामाला लागलो.

पहिल्यांदा बिघडलं. उकडलेली केळी गार झाल्यावर मिक्सरमध्ये फिरवली तर खळीसारखा चिकट गोळा झाला. दुसऱ्यांदा केळी गरम असतानाच पुरणयंत्रातून काढली आणि रेशमासारखी उतरली. कृती अशी:

मध्यम आकाराची चार कच्ची केळी सालासकट कुकरमध्ये दोन शिट्ट्या देऊन उकडा. हाताला सोसेल इतपत गरम असतानाच सोलून पुरणयंत्रातून काढा आणि लगेच एका लिंबाचा रस घाला, म्हणजे काळी पडत नाहीत. चार मोठे चमचे पांढरे तीळ मंद आंचेवर, रंग फार न बदलता भाजा. गार करून दोन चमचे तेल घालत मिक्सरमध्ये वाटा. दोन्ही एकत्र करून एक लहान चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, अर्धा चमचा मिरपूड, पाव चमचा सुंठ आणि मीठ घाला. लागेल तसं गरम पाणी घालून हाताने फेटा. अर्धी वाटी तरी लागतं. ठेवल्यावर ते पुन्हा घट्ट होतं, म्हणून वाढण्याआधी आणखी थोडं पाणी घाला. दहा-बारा जणींना पुरतं.

सुंठ का, तर ओलं आलं समंतभद्रांनीच वगळलंय. कोथिंबीर नाही, कारण चातुर्मासात आशाधरांची आठवण ठेवायची. वरून फोडणी द्यायची तर फक्त जिऱ्याची. उडीद डाळ किंवा मेथीदाणा घातला तर शेजारच्या दह्याशी पुन्हा तीच गाठ. हीच चूक आपण ताकाच्या फोडणीत, बुंदीच्या रायत्यात, दहीवड्यात नकळत करतो. लग्नाच्या पंगतीत हे पदार्थ दिसले की स्वयंपाक्याला दही तापवून घेतलं होतं का, एवढं विचारत जा.

चातुर्मास लागल्यावर मंडळ पुन्हा आमच्याकडे जमलं. या वेळी ताटात केळ्याचं डिप आणि दह्याचं डिप. सूनबाईने प्रत्येक वाडग्याला चिठ्ठी लावली: 'कच्चं केळं, तीळ. डाळ नाही.' आक्कांनी चष्मा नाकावर सरकवून चिठ्ठी वाचली, तरी सूनबाईलाच विचारलं, "पोरी, हरभरा नाही ना यात?"

"नाही आक्का. दह्याबरोबर घेतलंत तरी चालेल."

सव्वासहा वाजले होते, उजेड होता. आक्कांनी कडक भाकरीचा तुकडा आधी केळ्यात बुडवला, मग दह्यात. दुसऱ्यांदा स्वतःच्या हाताने घेतलं. जाताना सूनबाईच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पुढच्या खेपेला मीठ जरा कमी टाक."

वहीत कृतीपुढे मी तेवढी नोंद करून ठेवलीय. तुमच्या घरी कढी कशी करतात आणि शेंगदाणा द्विदलात धरतात का, ते मला जरूर कळवा.