फी माफ, पण वही-दप्तराचे काय?

जून आला की आमच्या वस्तीतले आईबाप हिशेबाला बसतात. वह्या, दप्तर, बूट. गणवेश तर शाळा सांगेल त्याच दुकानातून. कागदावर मात्र शिक्षण मोफत!

फी माफ केली की पोर शिकते, या भ्रमात बाबासाहेब नव्हते. १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापली. ४ जानेवारी १९२५ रोजी सभेने सोलापुरात वसतिगृह उघडले, तेव्हा जेवणाबरोबर कपडे आणि लेखनसाहित्याचाही भार उचलला. आज अभिवादनाला हाराऐवजी एक वही, एक पेन आणा, असे आम्ही सांगतो ते याच वाटेने.

पण तेव्हा कायदा नव्हता. २००९ चा शिक्षण हक्क कायदा म्हणतो, प्राथमिक शिक्षणाच्या आड येणारा कोणताही खर्च मुलावर लादता येणार नाही. मग दुकानाची चिठ्ठी हातात देणाऱ्या शाळेला आपण लेखी जाब का विचारत नाही?