लैंगिक विकास, मानवी

फलित अंडपेशीपासून प्रजननक्षम स्त्री किंवा पुरुष घडेपर्यंतची शरीराची वाटचाल. तिचे तीन टप्पे मानले जातात : गुणसूत्रांचे लिंग, जननग्रंथींचे लिंग आणि शरीररचनेचे लिंग. गर्भात वृषण तयार व्हायचे की अंडाशय, हे मुख्यतः जनुके ठरवतात. पुढे शरीराची घडण प्रामुख्याने संप्रेरके, म्हणजेच हॉर्मोन्स, करतात. बहुतेक व्यक्तींमध्ये हे टप्पे परस्परांशी जुळतात. मात्र प्रत्येक टप्प्याची यंत्रणा वेगळी असल्यामुळे ते जुळतातच असे नाही.

गुणसूत्रे : मानवी पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यांपैकी लिंग गुणसूत्रांची जोडी सामान्यतः स्त्रियांत एक्स-एक्स, तर पुरुषांत एक्स-वाय असते. अंडपेशीत नेहमी एक्स गुणसूत्र असते. शुक्राणूत एक्स किंवा वाय यांपैकी एक असते. त्यामुळे अपत्याची गुणसूत्रजोडी कोणती, हे शुक्राणूवर अवलंबून राहते. मुलगी झाल्याबद्दल आईला बोल लावण्यास जीवशास्त्राचा कोणताही आधार नाही. लिंग आणि गुणसूत्रे यांचा संबंध नेटी स्टीव्हन्स आणि एडमंड विल्सन यांनी १९०५ मध्ये कीटकांच्या अभ्यासातून स्वतंत्रपणे दाखवला. कीटकांत सर्वत्र एकच पद्धत नसल्याने मानवात नेमके काय निर्णायक ठरते, हे १९५९ पर्यंत स्पष्ट नव्हते. त्या वर्षी दोन आजार असलेल्या व्यक्तींची गुणसूत्रे तपासण्यात आली. क्लाइनफेल्टर लक्षणसमूहात एक्स-एक्स-वाय अशी तीन लिंग गुणसूत्रे असूनही शरीर पुरुषाचे असते. टर्नर लक्षणसमूहात एकच एक्स असून शरीर स्त्रीचे असते. एक्स गुणसूत्रे किती आहेत यापेक्षा वाय आहे की नाही, हे महत्त्वाचे असल्याचे यातून सिद्ध झाले.

जननग्रंथी घडवणारी जनुके : सुमारे सहाव्या आठवड्यापर्यंत गर्भाच्या जननग्रंथी दोन्ही दिशांनी विकसित होऊ शकतात. वाय गुणसूत्राच्या आखूड भुजेवर एसआरवाय हे जनुक असते. लंडनमधील संशोधकांनी ते १९९० मध्ये ओळखले. पुढच्याच वर्षी एक्स-एक्स गुणसूत्रे असलेल्या उंदराच्या भ्रूणात हे जनुक घातले असता त्यात वृषणे तयार झाली. एसआरवाय अल्पकाळच कार्यरत राहते. ते सतराव्या गुणसूत्रावरील सॉक्स-९ या जनुकाला चालना देते आणि वृषणनिर्मितीचे पुढचे काम ते जनुक पार पाडते.

वृषण तयार झाले नाही की अंडाशय आपोआप तयार होतो, अशी समजूत दीर्घकाळ होती. ती अपुरी ठरली आहे. अंडाशय घडण्यासाठी डब्ल्यूएनटी-४ आणि आरएसपीओ-१ यांसारखी जनुके कार्यरत असावी लागतात. ती सॉक्स-९ला आवरतात. आरएसपीओ-१ निकामी असल्यास एक्स-एक्स गुणसूत्रे असलेल्या आणि एसआरवाय नसलेल्या व्यक्तीतही वृषण तयार झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत.

गर्भातील संप्रेरके : प्रत्येक गर्भात सुरुवातीला नलिकांच्या दोन जोड्या असतात. वुल्फ नलिकांपासून अधिवृषण, शुक्रवाहिनी व रेताशय बनतात. म्यूलर नलिकांपासून गर्भाशय, अंडवाहिन्या व योनिमार्गाचा वरचा भाग बनतो. फ्रेंच शास्त्रज्ञ आल्फ्रेड जोस्त यांनी १९४० च्या दशकात सशांच्या गर्भांतील जननग्रंथी मादीच्या पोटातच शस्त्रक्रियेने काढून टाकल्या. गुणसूत्रे कोणतीही असोत, त्या सर्व गर्भांचा जननमार्ग मादीचा झाला. नुसते टेस्टोस्टेरॉन दिले, तर वुल्फ नलिका टिकत, पण म्यूलर नलिका नष्ट होत नसत. वृषण दोन वेगळी संप्रेरके पुरवते, असा निष्कर्ष त्यांनी काढला व तो खरा ठरला. वृषणातील सर्टोली पेशी म्यूलररोधी संप्रेरक स्रवतात, तर लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन. टेस्टोस्टेरॉनपासून ५-अल्फा रिडक्टेज या विकराच्या साहाय्याने डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन तयार होते. त्याच्या प्रभावाने शिश्न व वृषणकोश घडतात. ते नसल्यास त्याच ऊतकांपासून शिश्निका व भगोष्ठ तयार होतात.

यौवनारंभ : जन्मानंतरच्या काही महिन्यांत लैंगिक संप्रेरकांची पातळी थोडा काळ वाढते आणि मग ही यंत्रणा अनेक वर्षे शांत राहते. मुलींत साधारण ८ ते १३ आणि मुलांत ९ ते १४ या वयात ती पुन्हा जागी होते. मेंदूच्या अधोथॅलॅमस भागातून जीएनआरएच हे संप्रेरक ठरावीक अंतराने, थांबून थांबून स्रवू लागते. त्यामुळे पीयूषिका ग्रंथीतून एफएसएच आणि एलएच ही संप्रेरके बाहेर पडतात व जननग्रंथी सक्रिय होतात. जीएनआरएचला चालना देणाऱ्या किसपेप्टिन या प्रथिनाचे महत्त्व २००३ मध्ये कळले. त्याचा ग्राही सदोष असलेल्या व्यक्तींना यौवन येत नसल्याचे त्या वर्षी आढळले.

टेस्टोस्टेरॉन पुरुषांचे आणि इस्ट्रोजेन स्त्रियांचे, ही विभागणी ढोबळ आहे. दोन्ही संप्रेरके दोघांच्याही शरीरात असतात. इस्ट्रोजेन टेस्टोस्टेरॉनसारख्या अँड्रोजेनांपासूनच बनते. वाढीच्या वयाअखेर हाडांची टोके सांधून उंची थांबवण्याचे काम पुरुषांतही इस्ट्रोजेनच करते.

प्रजनन : स्त्रीगर्भाच्या अंडाशयांत विसाव्या आठवड्याच्या सुमारास ६० ते ७० लाख जननपेशी असतात. जन्मावेळी त्यांतील १० ते २० लाख उरतात. यौवनारंभी ३ ते ४ लाख. प्रत्यक्षात आयुष्यभरात सुमारे ४०० ते ५०० अंडपेशीच अंडाशयातून बाहेर पडतात. वृषणांत मात्र यौवनारंभानंतर शुक्राणूंची निर्मिती सतत चालू राहते. एक शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात.

मासिक चक्राच्या पूर्वार्धात अंडाशयात वाढणारी पुटिका इस्ट्रोजेन स्रवते. एरवी इस्ट्रोजेन पीयूषिकेला आवर घालते. परंतु त्याची उच्च पातळी सुमारे दोन दिवस टिकली की परिणाम उलट होऊन एलएचची लाट येते व अंडमोचन घडते. रिकाम्या पुटिकेचे पीतपिंड होते. त्यातून स्रवणारे प्रोजेस्टेरॉन गर्भाशयाचे अस्तर गर्भधारणेसाठी तयार करते. गर्भ न राहिल्यास पीतपिंड सुमारे दोन आठवड्यांत क्षीण होऊन पाळी येते. गर्भ राहिल्यास त्याच्या आवरणातील पेशी एचसीजी हे संप्रेरक स्रवून पीतपिंड टिकवतात. गर्भधारणेची घरगुती चाचणी लघवीतील हेच संप्रेरक ओळखते.

विकासातील भिन्नता : टप्पे परस्परांशी न जुळल्यास होणाऱ्या स्थितींना एकत्रितपणे लैंगिक विकासातील भिन्नता म्हणतात. अँड्रोजेन-असंवेदनशीलतेत गुणसूत्रे एक्स-वाय असतात, वृषणे असतात, टेस्टोस्टेरॉनही पुरेसे असते. परंतु त्याचा ग्राही निकामी असल्याने पूर्ण स्वरूपात शरीर बाहेरून स्त्रीचे घडते. गर्भाशय नसल्याने पाळी येत नाही आणि पुष्कळदा त्याच तक्रारीवरून निदान होते. जन्मजात अधिवृक्क अतिवृद्धीत २१-हायड्रॉक्सिलेज विकराच्या अभावामुळे कॉर्टिसॉल कमी पडते व अँड्रोजेने वाढतात. परिणामी एक्स-एक्स बालिकेची बाह्य जननेंद्रिये पुरुषी वळणाची दिसू शकतात. या विकाराच्या क्षारक्षयी प्रकारात वेळीच उपचार न मिळाल्यास नवजात अर्भक दगावू शकते. ५-अल्फा रिडक्टेजच्या अभावाचे प्रसिद्ध वर्णन १९७४ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकातील एका गावातून आले. तेथे मुली म्हणून वाढवलेल्या काही एक्स-वाय मुलांमध्ये यौवनारंभी पुरुषी बदल दिसून आले होते.

निदानासाठी गुणसूत्रांची तपासणी, संप्रेरकांचे मापन, सोनोग्राफी व जनुकीय चाचण्या करतात. जिवाला धोका असल्यास उपचार तातडीने करावे लागतात. केवळ जननेंद्रियांचे रूप बदलण्यासाठी अर्भकावर केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांना मात्र आक्षेप वाढत आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर तमिळनाडू सरकारने २०१९ मध्ये जीवघेणी परिस्थिती वगळता अशा शस्त्रक्रियांवर बंदी घातली.